बदललेली ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घ्यावी, की मूळ आरएस २३०?

कसारा_घाट (नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षे मी एकच डिझेल हॅचबॅक चालवत आलो आहे. ती आता धाकट्या भावाकडे जाणार असल्यामुळे पहिल्यांदाच मनासारखी गाडी घेण्याची संधी आली आहे. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या दोन जुन्या गाड्या समोर आहेत आणि पंधरा दिवस विचार करूनही निर्णय होत नाही, म्हणून सगळी माहिती सविस्तर मांडतो.

पहिली गाडी २०१७ ची, दुभागलेल्या हेडलाइटच्या नव्या चेहऱ्याची, एल अँड के या सर्वांत वरच्या श्रेणीतील १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे. कारखान्यातून ती १८० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) घेऊन बाहेर पडली होती. मधल्या मालकाने मूळ टर्बो काढून आयएस ३८ हा मोठा टर्बो बसवला, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) आणि डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) बदलले, इंजिनाच्या संगणकाचा रीमॅप, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याच्या आज्ञावलीत फेरफार, करून घेतला, गिअरबॉक्सला जास्त ताकदीचे क्लच टाकले आणि उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन लावले. विक्रेत्याकडे डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद आहे, त्यावर २९२ अश्वशक्ती आणि ४०५ न्यूटन मीटर असे आकडे आहेत. गाडी ७२,००० किलोमीटर चालली आहे, मालक तिसरा आहे, मागणी १४.७५ लाखांची आहे. केलेल्या कामाच्या काही पावत्या मिळाल्या, सगळ्या नाहीत.

दुसरी गाडी कोल्हापुरात आहे. ती २०१८ ची आरएस २३०, म्हणजे ऑक्टाव्हियाची कारखान्यातूनच आलेली वेगवान आवृत्ती, २.० टीएसआय, २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर. ४८,००० किलोमीटर, दुसरा मालक, एकही बदल नाही, सर्व्हिसची नोंद पहिल्या दिवसापासून उपलब्ध. पुढचा बंपर एकदा रंगवलेला आहे आणि मालकाने ते न विचारता सांगितले. मागणी २३.५ लाखांची आहे. ही गाडी ऑगस्ट २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख होती, म्हणजे सात-आठ वर्षांत तिची किंमत जवळजवळ उतरलेलीच नाही.

दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. पहिली त्र्यंबक रस्त्यावर चालवली. तीन हजार आरपीएमपर्यंत तिने काहीच केले नाही, मूळ गाडीपेक्षाही ती मंद वाटली. त्यानंतर मात्र तिने जो ओढा घेतला तो मी आजवर कोणत्याही गाडीत अनुभवलेला नाही. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा पुढची चाके जागेवर फिरू लागत होती. परतताना वाहतुकीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना ती किंचित थरथरत होती, त्यावर विक्रेत्याने ‘ताकदीच्या क्लचचा हा स्वभावच असतो’ असे सांगितले. आरएस पन्हाळ्याच्या चढावर चालवली. ती तितकी वेगवान वाटली नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, पण वळणावरून बाहेर पडताना पाय दाबला की त्याच क्षणी ती पुढे जात होती आणि वर पोहोचेपर्यंत माझ्या हातांत कुठेही ताण नव्हता.

गाडी रोजच्या वापराची असेल. आठवड्यातून एकदा मुंबई, सुटीत कोकण, बरोबर पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे वडील. शर्यत लावण्याची मला इच्छा नाही, तरीही वेगवान गाडीची आवड शाळेत असल्यापासूनची आहे आणि ती दडवण्याचे कारण मला दिसत नाही. जवळजवळ नऊ लाखांचा फरक मी दुर्मीळपणासाठी मोजणार आहे की गाडीसाठी, हा माझा खरा प्रश्न आहे. कमी पैशांत साठ अश्वशक्ती जास्त मिळत असताना आरएस घेणे शहाणपणाचे ठरेल का?

दातेरी_चाक (चिंचवड)

मी गिअरबॉक्सच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. तुमच्या मजकुरातील सर्वांत महत्त्वाचा आकडा २९२ अश्वशक्तीचा नसून ४०५ न्यूटन मीटरचा आहे.

आपल्याकडील ऑक्टाव्हिया १.८ मध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) येत असे. त्याचे नाव डीक्यू २००. तो २५० न्यूटन मीटरसाठी घडवलेला आहे, आणि १.८ इंजिनाचा टॉर्क नेमका २५० ठेवण्यामागचे कारणही तेच आहे. इंजिनाची कुवत त्याहून जास्त होती. युरोपात याच इंजिनाची, चारही चाकांना शक्ती देणारी ऑक्टाव्हिया विकली जात असे. तिला ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी मिळाला आणि टॉर्क लगेच २८० करण्यात आला. म्हणजे कारखान्याने इंजिनाला लगाम घातला तो गिअरबॉक्सकडे पाहून. तुमच्या पहिल्या गाडीत तो लगाम काढला आहे, पण ज्याच्यासाठी तो घातला होता तो गिअरबॉक्स तिथेच आहे.

क्लच बदलल्यामुळे हा प्रश्न सुटतो, असे बहुतेक विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. जास्त ताकदीचा क्लच घसरत नाही, हे मान्य. पण म्हणूनच इंजिनाचा सगळा धक्का आता पुढच्या शाफ्टवर, दात्यांवर, बेअरिंगवर आणि डिफरन्शियलवर जातो, आणि त्यांतले काहीही बदललेले नसते. पूर्वी क्लच घसरून जो इशारा देत असे, तो इशाराही बंद होतो. शिवाय कोरडा क्लच हवेवर थंड होतो. शनिवारी संध्याकाळी कसारा घाटात मालमोटारींच्या मागे अर्धा तास रांगत चढलात, तर त्या क्लचला जी उष्णता सोसावी लागते तिची नोंद डायनोच्या कागदावर येत नाही. आरएसमधील डीक्यू २५० या गिअरबॉक्समध्ये क्लच तेलात बुडालेले असतात, ते तेल उष्णता वाहून नेते, आणि ३५० न्यूटन मीटर हा भार त्याच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. बदल्यात दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावा लागतो. हा खर्च टाळू नये.

तीन हजारांपर्यंत गाडी मंद का वाटली, हेही सांगतो. दोन्ही इंजिने ईए ८८८ या एकाच घराण्यातील आहेत आणि सिलिंडरचा व्यास दोन्हींत ८२.५ मिलिमीटरच आहे. फरक पिस्टनच्या धावेत आहे: १.८ मध्ये ती ८४.१ मिलिमीटर, २.० मध्ये ९२.८. आयएस ३८ हा टर्बो गोल्फ आर आणि ऑडी एस ३ यांच्या २.० इंजिनासाठी वापरला गेला. तो १.८ वर बसवला की त्याला फिरवण्याइतका धूर लहान इंजिनाकडून खालच्या आरपीएमवर मिळत नाही, म्हणून आधी काही नाही आणि नंतर एकदम सगळे. आरएसचा टर्बो लहान आणि इंजिन मोठे, त्यामुळे तिचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमच्या आसपासच हाती येतो. पन्हाळ्याच्या वळणावर तुम्हाला जे जाणवले ते हेच आहे. घाटात आपण बहुतेक वेळ दीड ते साडेतीन हजार आरपीएममध्येच असतो, आणि त्या पट्ट्यात तुमची २३० अश्वशक्तीची गाडी २९२ वाल्या गाडीच्या पुढे असेल.

थरथरीबद्दल एकच सांगतो: तो स्वभाव असेल किंवा झीज असेल, पण अंदाज बांधण्याची गरज नाही. गिअरबॉक्सच्या संगणकातून दोन्ही क्लचची झीज आणि जुळवणीचे आकडे वाचता येतात. ते वाचू देण्यास विक्रेता तयार नसेल, तर तेच उत्तर समजावे.

झुआरीकाठ (फोंडा)

दातेरी_चाक यांचे गिअरबॉक्सविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, तरी बदललेल्या गाड्यांची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. माझ्याकडे २०१५ ची ऑक्टाव्हिया १.८ आहे. पाच वर्षांपूर्वी मी तिचा फक्त रीमॅप केला, तोही टॉर्कची मर्यादा खालच्या तीन गिअरमध्ये मुद्दाम कमी ठेवून. टर्बो मूळचा, एक्झॉस्ट मूळचा. ब्रेकचे पॅड आणि टायर मात्र इंजिनाला हात लावण्याआधी बदलले. सत्तर हजार किलोमीटर झाले, गिअरबॉक्सची तक्रार नाही. दर दहा हजारांना तेल, ठरलेल्या मुदतीआधी स्पार्क प्लग, आणि थंड इंजिनावर जोर न देणे, एवढे मी कटाक्षाने पाळतो.

माझी गाडी चांगली आहे, कारण ती कोणी बदलली, किती बदलली आणि त्यानंतर कशी चालवली हे मला ठाऊक आहे. हीच गाडी उद्या मी विकली, तर घेणाऱ्याला ही खात्री माझ्या शब्दापलीकडे कशाने मिळणार? बदल करणारा मालक एक आणि विकणारा दुसरा असेल, तर मधला धागा तुटलेला असतो. तुमच्या पहिल्या गाडीत हे काम मधल्या मालकाने केले, आताचा मालक तिसरा आहे आणि पावत्या अपुऱ्या आहेत. मला बदललेल्या गाड्या मनापासून आवडतात, तरीही मी ही गाडी घेणार नाही.

मात्र तुम्ही दोनच पर्याय धरून बसला आहात, ते मला पटत नाही. अजिबात न बदललेली, नीट नोंदी असलेली १.८ शोधा. ती पहिल्या गाडीपेक्षाही स्वस्त मिळेल. ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे बुश यांवर लाख-दीड लाख खर्च करा, वर्षभर तशीच चालवा, आणि तेवढ्यानेही मन भरले नाही तर माफक रीमॅपचा विचार करा. आरएसमध्ये अडकणाऱ्या पैशांतून निम्म्याच्या आसपास रक्कम वाचेल.

पंचनामा (सातारा)

मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्यात माझी बावीस वर्षे गेली, त्यामुळे कागदांविषयी लिहितो. येथे बदलांची चर्चा यंत्राच्या अंगाने नेहमी होते, कायद्याच्या अंगाने फारच कमी.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावर रीमॅप कोणाला दिसत नाही, हे खरे. पण डाउनपाइप दिसतो, त्यातील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर धुराच्या तपासणीत कळतो, आणि आवाज तर शंभर फुटांवरून ऐकू येतो.

माझ्या मते दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. साधा बंपरचा दावा असेल तर पाहणी बाहेरून होते. गाडी मोठ्या अपघातात सापडली, इंजिनाचा कप्पा उघडला गेला, की वेगळा टर्बो, वेगळा इंटरकूलर, बदललेले सस्पेन्शन हे सगळे छायाचित्रांत येते. हे बदल पॉलिसी घेताना कळवलेले नसतील, तर कंपनीला दावा नाकारण्यास किंवा त्यात कपात करण्यास आधार मिळतो. मी स्वतः अशा अहवालांवर सह्या केल्या आहेत. समोर उभा असलेला मनुष्य अनेकदा गाडीचा तिसरा किंवा चौथा मालक असे, बदल त्याने केलेले नसत, काही वेळा त्याला ते माहीतही नसत. पण पॉलिसी त्याच्या नावावर होती. त्या माणसांचे चेहरे मी विसरलेलो नाही, म्हणून इतके स्पष्ट लिहितो. तुमच्या गाडीत वडील आणि मुलगी बसणार आहेत.

झुआरीकाठ यांनाही माझी विनंती आहे की आपला रीमॅप विमा कंपनीला लेखी कळवावा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवावे. हप्ता वाढला तरी चालेल.

कोणतीही गाडी घेतलीत तरी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर विम्याची पॉलिसी चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आरटीओचे काम लोक लक्षात ठेवतात आणि हे विसरतात. त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे येत नाही.

लाल_बिल्ला (छत्रपती संभाजीनगर)

आरएस २३० माझ्याकडे सहा वर्षे आहे, म्हणून तिच्याबद्दल चांगले आणि वाईट दोन्ही सांगतो. आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हिया २००१ पासून जुळवली जात होती, त्यामुळे या गाडीबद्दल या गावाला थोडी जास्तच माया आहे.

आधी आरएस या अक्षरांविषयी. ती लागली म्हणजे गाडी वेगळीच, असे दर वेळी नव्हते. २००४ ची पहिली ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बोची, १५० अश्वशक्तीची होती आणि त्या काळी आपल्याकडे टर्बो पेट्रोल गाडी मिळणे हीच मोठी गोष्ट होती. २०११ ची लॉरा (दुसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचे आपल्याकडील नाव) आरएस मात्र साध्या लॉरा १.८ टीएसआयच्याच १६० अश्वशक्तीच्या इंजिनावर चालत असे. सस्पेन्शन आणि साज वेगळा, इंजिन तेच. तुमचा प्रश्न लॉरा आरएसबद्दल असता, तर नऊ लाख जास्त देऊ नका असे मी डोळे झाकून सांगितले असते. २३० ची गोष्ट वेगळी आहे. इंजिन वेगळे, गिअरबॉक्स वेगळा, पुढच्या डिस्क मोठ्या, स्टिअरिंगचा दर वेगळा, उंची कमी, आसने वेगळी, आणि हे सगळे एकमेकांशी जुळवून, गॅरंटी देऊन विकलेले. झुआरीकाठ यांनी सुचवलेली साधी १.८ ही उत्तम गाडी आहे, पण तिच्यावर कितीही प्रेमाने पैसे खर्च केले तरी तिला ओला क्लच मिळणार नाही. इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे.

दुर्मीळपणाबद्दल तुम्ही विचारले आहे, तर त्याचे दोन भाग करून पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स दुर्मीळ नाहीत. याच घराण्यातील यंत्रे सुपर्ब, कोडियाक आणि फोक्सवॅगन-ऑडीच्या कितीतरी गाड्यांत आहेत, त्यामुळे बहुतेक भाग मिळतात. फक्त भागाचा क्रमांक आपल्या गाडीच्या चासी क्रमांकावरून तपासून मगच मागवावा, कारण नंतरच्या १९० अश्वशक्तीच्या २.० इंजिनातील काही भाग दिसायला सारखे असूनही बसत नाहीत. खऱ्या अर्थाने दुर्मीळ आहेत ते बाहेरचे आणि आतले आरएसचे भाग. माझा पुढचा बंपर गतिरोधकावर फुटला तेव्हा नवा यायला नऊ आठवडे लागले. तेवढे दिवस मी दोरीने बांधलेला बंपर घेऊन फिरलो.

गाडी खाली आहे, हे फार महत्त्वाचे. पाच माणसे आणि सामान घेऊन कोकणात गेलात, तर काही गतिरोधक तिरके घ्यावे लागतील आणि काही घरांच्या अंगणात गाडी नेता येणार नाही. आपल्या इमारतीच्या उतारावर ती घासते का, हे टोकन देण्याआधी पाहा. एल अँड के मध्ये मिळणारे उघडे छत हिच्यात नाही. मुलीला ते हवे असेल तर आधीच सांगून ठेवा. टायरच्या भिंती कमी उंचीच्या असल्यामुळे खड्डा चुकला नाही तर रिम वाकते. सहा वर्षांत माझ्या दोन रिम गेल्या.

यंत्रातील दोन दुखणी या इंजिनाची नेहमीची आहेत. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट ज्या प्लॅस्टिकच्या घरात बसतात, ते घर कालांतराने झिरपू लागते. कूलंटची पातळी हळूहळू उतरत असेल किंवा इंजिनाच्या त्या बाजूला वाळलेल्या कूलंटचे फिकट गुलाबी डाग असतील, तर ते बदलायचे आहे असे समजून किंमत ठरवावी. दुसरे म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर काजळी साठते. ती अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने साफ करतात. मी ७०,००० ला करून घेतली आणि थंड इंजिनाची थरथर गेली.

किंमत टिकून राहील का? २०२० ची आरएस २४५ फक्त २०० आली आणि ३५.९९ लाखांना विकली गेली. २०२५ मध्ये आलेली नवी आरएस फक्त १०० होती आणि तिची किंमत ४९.९९ लाख. म्हणजे वरची पायरी दर वेळी उंच होत गेली आणि २३० ला त्याचा आधार मिळाला. पण हे पुढेही असेच चालेल असे मानून उसने पैसे काढू नका. मी ही गाडी विकायला ठेवलेली नाही, त्यामुळे तिच्या किमतीचा मला आजवर काहीच उपयोग झालेला नाही. तिने मला पुण्याला नेले, नागपूरला नेले, आईला दवाखान्यात नेले. नऊ लाखांचा हिशेब याच अंगाने करावा असे मला वाटते.

कसारा_घाट (नाशिक)

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. दोन आठवडे दोन्ही गाड्यांच्या मागे होतो. जे निष्पन्न झाले ते लिहितो.

पहिल्या गाडीचे आकडे वाचू देण्यास विक्रेता सुरुवातीला तयार नव्हता. टोकन देण्याची तयारी दाखवल्यावर झाला. ओळखीच्या एका तंत्रज्ञाने संपूर्ण तपासणीचे यंत्र लावले. गिअरबॉक्सच्या पहिल्या क्लचची झीज, तो जेमतेम पंधरा हजार किलोमीटरपूर्वी बदलला असे सांगितले गेले असताना, अपेक्षेपेक्षा फार पुढे गेलेली होती. इंजिनावर जोर देऊन नोंद घेतली तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेट घेऊ नये म्हणून संगणक सतत ठिणगीची वेळ मागे ओढत होता. गाडीत साधे पेट्रोल होते आणि तिचा मॅप ९७ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनसाठी लिहिलेला आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तसले पेट्रोल शहरातील मोजक्या पंपांवर मिळते. इगतपुरीच्या पुढे रात्री अकरा वाजता मी ते कुठे शोधणार होतो? डाउनपाइपमध्ये कन्व्हर्टर नव्हता. मूळ टर्बो आणि मूळ एक्झॉस्ट कुठे आहेत, हे कोणालाच सांगता आले नाही, म्हणजे गाडी पूर्ववत करण्याचा मार्गही बंद. विक्रेत्याला मी दोष देत नाही, कारण यांतले बरेचसे त्यालाही नव्याने कळत होते. पंचनामा यांनी ज्या तिसऱ्या मालकाबद्दल लिहिले, तो माझ्यासमोर उभा होता आणि चौथा मी झालो असतो.

झुआरीकाठ यांची सूचना मी गंभीरपणे घेतली आणि न बदललेल्या दोन १.८ पाहिल्याही. त्यांतली एक खरोखर सुरेख होती. ती चालवून घरी आलो आणि रात्री पन्हाळ्याचा रस्ता आठवत राहिलो. मनाने कौल कुठे दिला आहे हे त्यावरून मला कळले, त्यामुळे पैसे वाचवण्याचा सल्ला चुकीचा नसूनही मी तो पाळू शकत नाही, याबद्दल क्षमस्व.

आरएसची तपासणी कोल्हापुरातच झाली. वेगवेगळ्या संगणकांतील किलोमीटरच्या नोंदी मीटरशी जुळल्या. इंजिनाच्या संगणकात कधीही फेरफार झालेला नाही. दोन्ही क्लचचे आकडे उत्तम आहेत. लाल_बिल्ला यांनी सांगितलेल्या जागी गुलाबी डाग मात्र होता, अगदी बोटाएवढा. मालकाला दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता किंमत कमी केली आणि व्यवहार २२.८० लाखांवर ठरला. आमच्या इमारतीच्या उतारावर घासू नये म्हणून गाडीच्या पोटाच्या उंचीची फळी दोऱ्याला बांधून मी उतारावरून ओढून पाहिली. मधोमध एका जागी ती टेकते, तिथे सिमेंटचा हात फिरवण्याची परवानगी सोसायटीकडून मिळाली आहे. वडिलांना गाडीत बसवून-उतरवूनही पाहिले. बसताना त्यांना खाली वाकावे लागते, पण उतरताना दाराचा आधार पुरतो, आणि मागच्या आसनावर पाय पसरून बसता येते याचा त्यांना आनंद झाला.

शनिवारी सकाळी कोल्हापूरला बसने जाऊन गाडी घेऊन येणार आहे. गिअरबॉक्सचे तेल ६०,००० ची वाट न पाहता आताच बदलावे आणि थर्मोस्टॅटचे घरही त्याच वेळी नवे बसवावे असे ठरवले आहे. दातेरी_चाक यांना शेवटचे एकच विचारतो: डीक्यू २५० चे तेल भरल्यावर त्याची पातळी ठरावीक तापमानाला मोजावी लागते असे ऐकले आहे. हे काम करताना वर्कशॉपमध्ये मी समोर उभे राहून नेमके काय पाहावे?

दातेरी_चाक (चिंचवड)

अभिनंदन. गाडी लिफ्टवर सपाट उभी असावी, इंजिन चालू असावे आणि तेलाचे तापमान यंत्रावर ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान दिसत असावे. हाताने गिअरबॉक्स चाचपून अंदाज करणाऱ्याला थांबवा. त्या तापमानाला पातळीच्या नळीतून थेंबथेंब तेल गळू लागले की बूच लावायचे. बुचाचे वॉशर नवे घाला, फिल्टरही नवा, आणि रिकाम्या झालेल्या डब्यांवरील क्रमांकाचे छायाचित्र काढून सर्व्हिसच्या नोंदींबरोबर ठेवा.